३.९ व्होल्टला अडलेलं चक्र: बॅटरीवरच्या एका सजावटी पीसीबीचा (सर्किट-पाटीचा) प्रकरण अभ्यास

लालबाग-परळ भागात पुठ्ठ्याची मखरं करणारं एक कुटुंब आहे. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हापासून त्यांचा सगळा धंदा पुठ्ठा, कागद आणि कापडावर आला. त्यांची मागणी साधी होती. फूटभर उंचीच्या घरगुती गणपतीच्या डोक्यामागे बसेल असं दिव्यांचं चक्र हवं, दिवे गोल फिरताना दिसावेत, आणि त्याला वायर नको.

वायर नको, यामागे कारण होतं. बाजारात मिळणारी चक्रं २३० व्होल्टवर चालतात. त्यांची केसासारखी बारीक वायर टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात जाते, त्याच बोर्डावर झालरीचे दिवे आणि पंखा असतो, वर पुठ्ठा, जरीचं कापड आणि शेजारी तेवणारी समई. मखर करणाऱ्या काकांचं म्हणणं होतं, "पुठ्ठ्याचं मखर विकतो म्हणजे आगीची भीती आधी माझ्या डोक्यात. दिवे द्या, पण प्लगचं नाव काढू नका." शिवाय चाळीतल्या खोलीत जिथे गणपती बसतो तिथे प्लग असेलच असं नाही.

म्हणून बॅटरी. आणि बॅटरी म्हटलं की ज्याला आपण एलईडी चेसर म्हणतो, दिवे एकामागून एक पेटत जाणारं ते जुनं, सोपं, शाळेच्या प्रदर्शनातलं सर्किट अचानक सोपं राहत नाही. ठोके देणारी ५५५ आणि ते मोजून दिवे पेटवणारी ४०१७, या दोन आयसींच्या (चिपांच्या) जोडीचे नकाशे शेकड्यांनी सापडतात. त्यातले बहुतेक ९ किंवा १२ व्होल्ट गृहीत धरून काढलेले असतात. तेच नकाशे तीन सेलवर आणले की काय होतं, हे या प्रकरणात नीट बघायला मिळालं.

आधी सेल, मग दिवे

काकांच्या मनात घड्याळात असतो तसा चपटा गोल सेल होता, कारण तो मखरात लपतो. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा लिथियम सेल साधारण २२० एमएएचचा (मिलिअँप-तास, म्हणजे किती करंट किती तास पुरेल याचं माप) असतो, पण ही क्षमता अगदी थोडा करंट ओढला तरच मिळते. दोन-तीन मिलिअँप सतत ओढायला लागलं की व्होल्टेज खाली बसतं आणि छापील क्षमतेतला बराच भाग हाती लागत नाही. दहा दिवस तर सोडाच, पाच दिवसांच्या गणपतीलाही तो पुरला नसता. माझ्यासाठी मात्र निर्णय करंटच्या हिशोबाआधीच झाला होता. गणपतीच्या दिवसांत घर पाहुण्यांच्या लहान मुलांनी भरलेलं असतं, आणि असा सेल मुलाने गिळून तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. सजावटीच्या वस्तूत, मुलाच्या हाताच्या उंचीवर, सहज निघणाऱ्या खाचेत तो सेल मी ठेवणार नव्हतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही बाद. महाग, क्षमता ५०० एमएएचच्या आसपास, आणि त्यातले बरेचसे व्होल्ट रेझिस्टन्समध्ये (करंट आवरणाऱ्या भागात) उष्णता म्हणून घालवायचे. राहिले पेन्सिल सेल, तीन, एकामागे एक. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रात्री दहालाही मिळतात, ही त्यांची सर्वात मोठी बाजू.

तीन सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, असं आपण बोलून जातो. प्रत्यक्षात नवे अल्कलाइन सेल मिळून ४.८ च्या आसपास दाखवतात आणि दर सेल ०.९ पर्यंत उतरला की संपला असं धरलं तर शेवटी २.७ उरतात. म्हणजे सर्किटला ४.५ वर नाही, ४.८ ते २.७ या सबंध पट्ट्यात चालायचं आहे. ही एक ओळ कागदावर सर्वात वर लिहिली आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्यावरून घेतला.

दिव्याचा रंग पहिला. काकांना पांढरा हवा होता, "दुधासारखा". पांढऱ्या एलईडीच्या आत निळी चिप असते आणि तिला उजळायला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. सेल १.१ वर आले की तीन मिळून ३.३ व्होल्ट होतात. आयसीतली आणि रेझिस्टन्समधली घट वजा केली की दिव्याच्या वाट्याला काहीच उरत नाही, आणि सेलमध्ये तर अजून बरीच धुगधुगी शिल्लक असते. पिवळसर, ज्याला बाजारात अंबर म्हणतात, तो एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटतो. २.७ व्होल्टलाही त्याला थोडा करंट मिळतो. पांढरा आणि अंबर असे दोन नमुने मखराच्या सोनेरी कापडासमोर धरल्यावर काकांनीच पांढरा बाजूला ठेवला. देवामागची प्रभावळ सोन्याचीच असते, त्यामुळे हा वाद माझ्या व्होल्टमीटरपर्यंत आलाच नाही.

एक मोह इथे येतो: व्होल्टेज वाढवणारी बूस्ट आयसी लावावी, म्हणजे सेल कितीही उतरले तरी उजेड एकसारखा राहील. राहतो खरा. पण मग सेल संपताना ती आयसी जास्त करंट ओढून त्यांना झपाट्याने कोरडं करते आणि चक्र एकदम बंद पडतं. घरच्या देवासमोर मंद होत गेलेला दिवा लोक समजून घेतात, सेल आणायला कुणाला तरी पिटाळतात. ऐन आरतीत विझलेला दिवा कुणालाच चालत नाही. बूस्ट लावली नाही.

तीस दिवे, तीन रेझिस्टन्स

४०१७ हा दहापर्यंत मोजणारा जॉन्सन काउंटर. आत पाच फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट लक्षात ठेवणारे भाग, असतात, बाहेर दहा आउटपुट, आणि कोणत्याही क्षणी त्यातलं एकच हाय (व्होल्टेज असलेलं) असतं. दर ठोक्याला आतला एकच बिट बदलतो, म्हणून मधल्या मध्ये भलताच दिवा लुकलुकत नाही. पण दहा दिव्यांचं चक्र केविलवाणं दिसतं. म्हणून वर्तुळाचे तीन भाग केले. प्रत्येक भागात दहा दिवे, आणि प्रत्येक आउटपुटला तिन्ही भागांतला त्या-त्या क्रमांकाचा एकेक दिवा. एकूण तीस दिवे, दर १२ अंशांवर एक. बघणाऱ्याला तीन ठिपके एकमेकांपासून १२० अंशांवर, एकाच दिशेने धावताना दिसतात आणि डोळा ते सबंध चाक फिरतंय असं मानून घेतो.

तीस दिवे म्हणून तीस रेझिस्टन्स लावायची गरज नाही. एका भागात एका वेळी एकच दिवा पेटतो, तेव्हा त्या भागातल्या दहाही दिव्यांचे कॅथोड (ऋण पाय) एकत्र जोडून खाली १ किलोओहमचा एकच रेझिस्टन्स दिला की झालं. चाळीत एका वेळी एकच बादली भरायची असेल तर दहा खोल्यांना एक नळ पुरतो, तसंच. तीस दिव्यांना तीन रेझिस्टन्स. जोडणी वाचली, सत्तावीस भाग वाचले.

या बचतीला एक अट असते आणि ती नकाशांवर क्वचित लिहिलेली दिसते. पेटलेल्या दिव्याच्या करंटमुळे त्या सामाईक रेझिस्टन्सवर काही व्होल्ट उभे राहतात. विझलेल्या नऊ दिव्यांचे धन पाय, म्हणजे अ‍ॅनोड त्या वेळी शून्यावर असतात, म्हणजे त्यांच्यावर तेवढेच व्होल्ट उलटे पडतात. साध्या एलईडीची उलटं सोसण्याची मर्यादा बहुधा ५ व्होल्ट दिलेली असते. आमच्याकडे ४.५ वर हे उलटे व्होल्ट २.२ च्या आसपास येतात, बिनघोर. पण हाच नकाशा ९ व्होल्टवर नेला तर ते सहाच्या पुढे जातात. दिवे लगेच मरत नाहीत. हळूहळू मंदावतात, आणि मग लोक एलईडीच्या दर्जाला शिव्या देतात.

आता ४०१७ कुठला? मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, नुसतं "४०१७ द्या" म्हटलं की हातात सीडी ४०१७ पडतो. हा १५ व्होल्टपर्यंत आरामात चालणारा, पण ५ व्होल्टच्या आसपास एका आउटपुटमधून जेमतेम दोन-तीन मिलिअँप काढणारा. आम्हाला तीन दिव्यांना मिळून सहा-साडेसहा हवे होते. ७४ एचसी ४०१७ चे पाय तेच, क्रम तोच, पण तो २ ते ६ व्होल्टमध्ये चालतो आणि एवढा करंट तीनेक दशांश व्होल्टच्या घटीत देतो. ९ व्होल्ट मात्र त्याला दाखवायचे नाहीत.

हिशोब असा बसला. ४.५ व्होल्टला दिव्याचे २, आयसीतली घट ०.३, उरले २.२ व्होल्ट, म्हणजे १ किलोओहममधून २.२ मिलिअँप. तीन दिव्यांना ६.६. २.७ व्होल्टला हाच आकडा तीन दिव्यांना मिळून दीड मिलिअँपवर येतो. उजेड जवळजवळ चौपटीने उतरतो, पण डोळ्याला तो एवढा उतरलेला वाटत नाही, रात्री तर नाहीच. सेलच्या सबंध आयुष्यात सरासरी साडेचार मिलिअँप धरले आणि अल्कलाइन पेन्सिल सेल २००० एमएएचचा धरला, तर चारशेहून जास्त तास मिळतात. दहा दिवस अहोरात्र म्हणजे २४० तास. वाण्याकडचे स्वस्त झिंक-कार्बन सेल याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत, पण दीड आणि पाच दिवसांच्या गणपतीला तेही पुरतात. डब्यावर छापायला सरळ वाक्य मिळालं: दहा दिवसांचा गणपती असेल तर अल्कलाइन सेलच घाला.

एक छोटी आठपायी मायक्रोकंट्रोलर आयसी घेऊन हे सगळं आणखी कमी भागांत, शिवाय दिवे मंद-प्रखर करत करता आलं असतं. मी ते टाळलं, कारण तीन वर्षांनी हे चक्र दुरुस्त करायला बसणाऱ्याच्या हातात सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर असेल, प्रोग्रॅम नसेल. काहींना हा जुनाट हट्ट वाटेल. वाटो.

पाटी

पीसीबीचा बाह्य व्यास ९८ मिमी ठेवला. यात सौंदर्यदृष्टी काही नाही. बऱ्याच कारखान्यांत १०० बाय १०० मिमीपर्यंतच्या पाट्यांना स्वस्त दर असतो, त्याच्या आत राहायचं होतं. ४४ मिमी त्रिज्येवर तीस दिवे ठेवले की दोन दिव्यांत सव्वानऊ मिमी अंतर पडतं, ते डोळ्याला बरं दिसतं. मधला भाग कापून कडं केलं, म्हणजे मूर्तीच्या मुकुटामागून कापड दिसतं. काळा सोल्डर मास्क (पाटीवरचा रंगाचा थर), आणि आतल्या कडेला कमळाच्या पाकळ्या उघड्या तांब्यात, वर सोन्याचा मुलामा. पाकळ्या ऋण टोकाला जोडल्या.

दिवे १२०६ आकाराचे, पाटीला चिकटून बसणारे. ३ मिमीचे गोल दिवे स्वस्त आणि लावायला सोपे, पण पारदर्शक टोपीचा ३ मिमी दिवा टॉर्चसारखा समोर झोत टाकतो. आरतीला लोक समोर उभे असतात, नंतर जमिनीवर, कडेला, दाराशी बसलेले असतात. चपट्या दिव्याचा उजेड १२० अंशांत पसरतो. आयसी दोन्ही पाठीमागे, तेही चपटे, कारण लांब पायांच्या आयसीचे सोल्डरचे टाके समोरच्या बाजूने वर येतात आणि पाकळ्यांची शोभा घालवतात.

पाकळ्यांच्या मध्ये 'श्री' काढायचा विचार होता. काकांच्या आईने तो एका वाक्यात संपवला: "अरे, उद्या ते बिघडलं की कचऱ्यात टाकणार ना? मग त्यावर देवाचं नाव कशाला?" पाकळ्या राहिल्या, श्री गेला. डिझाइनच्या बैठकीत इतकं नेमकं बोलणारं माणूस मला क्वचितच भेटलंय.

चक्र थांबलं

ठोके द्यायला ५५५. हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये रचलेली, सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ही आयसी आजही पैशाला पासरी मिळते. पण मूळ एनई ५५५ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि ती स्वतःच ३ मिलिअँपच्या आसपास खाते, म्हणजे आमच्या तीन दिव्यांच्या जवळपास निम्मे. म्हणून यादीत तिची सीमॉस (कमी करंट खाणाऱ्या पद्धतीची) बहीण होती, ७५५५. पाय तेच, पण ती २ व्होल्टपासून चालते आणि खाते एक-दोन दशांश मिलिअँप.

जोडणीही नेहमीची दोन रेझिस्टन्सवाली नव्हती. आउटपुटच्या ३ नंबर पिनपासून एकच रेझिस्टन्स २ आणि ६ नंबरच्या पिनला, तिथून कंडेन्सर (विजेचा भार साठवणारा भाग) खाली. आउटपुट हाय झालं की कंडेन्सर भरतो, दोन-तृतीयांश व्होल्टेजला पोचला की आउटपुट लो होतं, मग तो रिकामा होऊन एक-तृतीयांशवर आला की पुन्हा हाय. १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले तर एका ठोक्याला ०.१४ सेकंद, तीस घरांचा पूर्ण फेरा सव्वाचार सेकंदांत.

नमुने चालले, काकांनी पहिली लॉट करायला घेतली. जुळणीचं काम त्यांची भाची करते, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणारी, हात अगदी साफ. श्रावणात त्यातली काही चक्रं नातेवाइकांकडे चालवून बघायला दिली. तक्रार आली ती अशी: काही चक्रं दोन-तीन दिवसांत थांबतात. विझत नाहीत, थांबतात. तीन दिवे आहेत तिथेच पेटलेले, जणू कुणी चाक हाताने धरून ठेवलंय. सेल बदलले की फिरतात, पुन्हा थांबतात. आणि काकांनी वर आणखी एक सांगितलं, "ती थांबणारी आहेत ना, ती चालताना जास्त छान दिसतात. सावकाश फिरतात."

या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून काम सोपं झालं. नुसतं थांबणं म्हटलं असतं तर सेल, टाका, होल्डरची स्प्रिंग, दहा ठिकाणी शोधत बसलो असतो. सावकाश फिरणं आणि मग थांबणं म्हणजे दोष ठोके देणाऱ्या आयसीकडे.

थांबणारं एक चक्र सेल काढून बेंचच्या पॉवर सप्लायवर लावलं. ४.८ व्होल्टला फेरा सव्वाचारऐवजी साडेसात-आठ सेकंदांचा. नॉब हळूहळू खाली. ४.५ ला आणखी संथ. ४.२ ला प्रत्येक दिवा रेंगाळायला लागला. ३.९ च्या आसपास चाक अडलं. मल्टिमीटर ३ नंबरच्या पिनवर: २.६ व्होल्ट. ६ नंबरवर: तेवढेच. आणि ३.९ चे दोन-तृतीयांश किती? २.६.

भिंग घेऊन आयसीवरचे आकडे वाचले, आणि तिथे ७५५५ नव्हतंच. ५५५ होतं. भाचीकडचे ७५५५ संपले होते, एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "तेच आहे ते, चालेल." पाय जुळतात, पाटीवर बसतं, फिरतंही. तिला संशय यायचं कारणच नव्हतं. "सर, नव्या सेलवर तर सगळी टेस्ट केली होती मी," ती म्हणाली, आणि तेही खरं होतं.

काय घडत होतं ते असं. ७५५५ चं आउटपुट हाय होतं तेव्हा ते जवळजवळ पूर्ण व्होल्टेजपर्यंत जातं. एनई ५५५ च्या आउटपुटमध्ये वरच्या बाजूला ट्रान्झिस्टरची जोडी असते, ती १.३ व्होल्टच्या आसपास मध्येच खाऊन टाकते. १२ व्होल्टवर याचं कुणाला काही वाटत नाही. इथे कंडेन्सर त्याच आउटपुटमधून भरायचा आहे. ४.५ व्होल्टला आउटपुट ३.२ पर्यंतच जातं आणि कंडेन्सरला पोचायचं असतं ३ व्होल्टला. शेवटची मजल फार रखडत होते, म्हणून ठोका दुपटीने लांबतो. तीच ती काकांना आवडलेली संथ गती. सेल उतरत जातात तसं हे अंतर मिटत जातं. ३.९ ला भरण्याची कमाल आणि पोचायची खूण एकाच आकड्यावर येतात. त्याखाली कंडेन्सर खुणेला कधीच शिवत नाही, आउटपुट कायम हाय, ठोका नाही, काउंटर आहे त्या घरात बसून राहतो. दिवे पेटलेले, कारण त्यांना पुरेसं व्होल्टेज अजून आहेच.

३.९ म्हणजे दर सेल १.३. स्वस्त सेल तिथे फार लवकर उतरतो, अल्कलाइन थोडा उशिरा. त्यामुळे कुणाकडे दुसऱ्याच दिवशी, कुणाकडे चौथ्या दिवशी, आणि ज्यांनी संध्याकाळीच चालवलं त्यांच्याकडे अजून थांबलंच नव्हतं. तक्रारी एकसारख्या नसण्याचं कारण हे.

दुरुस्ती म्हणजे आयसी बदलणं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या लॉटमध्ये हे घुसू नये, याला मात्र विचार लागला. पाटीवर आयसीशेजारी आधी नुसतं "यू १" छापलं होतं. आता तिथे ठळक आकड्यांत ७५५५ आणि शेजारच्याला ७४ एचसी ४०१७ असं पूर्ण लिहिलं. आणि तपासणी बदलली. नव्या, भरलेल्या सेलवर चक्र फिरवून बघणं ही या वस्तूची परीक्षाच नव्हे. तिथे सगळेच पास होतात. भाचीला दोन सेलचं एक होल्डर जोडून दिलं. प्रत्येक पाटी आधी त्या ३ व्होल्टवर लावायची. मंद का होईना, चक्र फिरलं पाहिजे. एनई ५५५ असेल तर ते तिथे हलतच नाही. कमी व्होल्टेजला अडखळणारं दुसरं काही, म्हणजे कच्चा टाका किंवा भलताच रेझिस्टन्स, हेही तिथेच उघडं पडतं. या कामासाठी खास यंत्र कुणी सुचवलं असतं तर मी नको म्हटलं असतं. दोन सेलच्या होल्डरने भागतं.

आणि गती? काकांचं बरोबर होतं. सव्वाचार सेकंदांचा फेरा दुकानाच्या पाटीला शोभतो. १०० च्या जागी १५० किलोओहम घातले, फेरा सव्वासहा सेकंदांवर आला. याहून संथ केलं तर फिरणं संपून एकेक दिवा वेगळा टिचकी मारल्यासारखा दिसतो. प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा रेझिस्टन्स, लावून गती ग्राहकाच्या हातात द्यावी, असा भाचीचा आग्रह होता. माझा नव्हता. घरातला एखादा भाचा-पुतण्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला की उत्सवभर तेच चालणार.

पाणी, निर्माल्य, माळा

सीमॉस आयसीबरोबर करंट वाचवायला मेगाओहममधले रेझिस्टन्स वापरायची सवय असते. इथे मुद्दाम वापरले नाहीत. भाद्रपदातली मुंबईची हवा, हाताने केलेल्या टाक्यांवर राहिलेला फ्लक्स (सोल्डर करताना लागणारा राळेसारखा पदार्थ), आणि रोज पूजेत दूर्वांनी शिंपडलेलं पाणी. दोन पिनांमध्ये ओलसर फ्लक्सचा पापुद्रा असला तर तोही काही मेगाओहमचा रेझिस्टन्सच बनतो आणि चक्राची गती सकाळ-संध्याकाळ बदलायला लागते. १५० किलोओहमपुढे तो पापुद्रा बिचारा ठरतो. यात खर्च होतात काही मायक्रोअँप, साडेचार मिलिअँपच्या हिशोबात ते मोजण्यासारखेही नाहीत. पाठीमागे टाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वर लॅकरचा एक हात देतात.

चक्र मूर्तीला जोडायचं नाही, मखराला जोडायचं, हे पहिल्यापासून ठरलं होतं. मूर्तीला तारेने बांधलेल्या वस्तू विसर्जनाच्या गडबडीत मूर्तीबरोबर निघतात, नाहीतर हारांबरोबर निर्माल्याच्या कलशात जातात. म्हणून पाटीच्या खालच्या कडेला दोन खाचा आहेत आणि त्या मखराच्या पुठ्ठ्याच्या जिभांवर बसतात. मूर्ती उचलली की चक्र मागे राहतं.

सेलचं होल्डर वेगळं, मध्ये दोन पिनी रिलिमेट कनेक्टर. उत्सव संपला की मखर घडी होऊन माळ्यावर जातं, वर्षभर. आत विसरलेले अल्कलाइन सेल फुटले की पांढरा क्षार बाहेर येतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. होल्डर वेगळं असेल तर तेवढंच फेकावं लागतं. रिलिमेट उलटा बसत नाही, पण होल्डरच्या वायरी जोडतानाच लाल-काळी अदलाबदल झाली तर? साधा डायोड लावला असता तर त्याने कायमचे सहा-सात दशांश व्होल्ट खाल्ले असते, आणि आमच्याकडे सगळा पट्टाच २.१ व्होल्टचा. त्याऐवजी एओ ३४०१ हा छोटा पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर, लावला. सुलट असताना तो जवळजवळ काहीच खात नाही, उलट असताना दार बंद.

चार्जिंगचे सेल चालतील का, असं काही ग्राहक विचारतात. चालतात. तीन मिळून ३.६ व्होल्ट, उजेड पहिल्यापासून थोडा कमी, पण तो शेवटपर्यंत फारसा हलत नाही.

गिरगावातल्या एका मंडळाने हेच चक्र तीन फुटी मूर्तीसाठी मोठं करून मागितलं आहे. त्यांना बॅटरी सुचवली नाही. मंडपात रीतसर जोडणी असते, तिथे १२ व्होल्टचा अडॅप्टर बरा. पण नकाशा तोच मोठा करून चालणार नाही. १२ व्होल्टला ७४ एचसी जळेल, म्हणून सीडी ४०१७. त्याचं आउटपुट एवढे दिवे ओढणार नाही, म्हणून दर आउटपुटला एक ट्रान्झिस्टर. दिवेही तीन-तीन, एकामागे एक जोडायचे. आणि कॅथोड एकत्र बांधून रेझिस्टन्स वाचवायची युक्ती तिथे सोडून द्यायची, दर ओळीला स्वतंत्र रेझिस्टन्स. म्हणजे उलट्या व्होल्टची शंकाच राहणार नाही आणि पुढच्या वर्षी तीच मंडळी एलईडी बदलायला पेटी घेऊन येणार नाहीत.